पाद्र्याचा मुलगा आणि त्याची नाटकं

टेक्ससमधलं विंटर्स हे दोन-अडीच हजार वस्तीचं गाव. तिथली एक आजी मोटेलच्या खोलीत मरण पावते. सोबत मुलीच्या मैत्रिणीचा नवरा. त्याने काढून ठेवलेल्या लाकडी पायांना रात्री अडखळली, डोकं बेसिनवर आपटलं, खेळ खलास. आता मुलींमध्ये वाद पेटलाय तो वेगळाच : भर उन्हाळ्यात आईला मिंकच्या फरची शाल पांघरून पुरायचं की नाही? आजीची बहीण सिगरेट सोडण्याच्या खटपटीत मनगटावरचा रबरबँड चटाचट ओढतेय. अमेरिकी नाटककार डेल शोअर्सचं ‘सॉर्डिड लाइव्ह्ज’ (१९९६) हे नाटक असं आहे.

शोअर्सचा जन्म याच विंटर्सचा, १९५७ चा. वडील सदर्न बॅप्टिस्ट पाद्री, आई शाळेत नाटक शिकवणारी. नाटककार घडायला याहून सोयीचं घर कुठलं? बॅप्टिस्टांच्या रविवारच्या उपासनेतही नाट्य भरपूर असतं. प्रवचन टिपेला पोचतं, मग स्तोत्र सुरू होतं आणि ज्याला तारण हवं त्याने सगळ्यांदेखत उठून पुढे यायचं. हा पंथ १८४५ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तरेतल्या बॅप्टिस्टांपासून फुटून निघाला आणि त्याबद्दल माफी मागायला त्याला १९९५ साल उजाडलं. समलिंगी संबंध त्याच्या लेखी पापच.

सुरुवातीच्या ‘डॅडीज् डाइंग : हूज गॉट द विल?’ (१९८७) मध्ये पापाचा हा तिढा अजून नाही. अर्धांगाच्या झटक्याने भ्रमिष्ट झालेला बाप, गोळा झालेली भावंडं आणि सापडत नसलेलं मृत्युपत्र. घराघरात होणारीच भांडणं, पण कान पक्का. या बायका बोलतात तेव्हा आपण स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकत आहोत असं वाटतं. १९९० मध्ये त्यावर चित्रपटही आला. तेव्हा शोअर्स संसारी होता, पुढे दोन मुलींचा बापही झाला. आपण समलिंगी आहोत हे त्याने उघड केलं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. लगेच पुढचं नाटक ‘सॉर्डिड लाइव्ह्ज’, हा काही योगायोग नव्हे.

त्यातला ब्रदर बॉय हे शोअर्सचं सर्वांत मोठं पात्र. मयत आजीचा हा मुलगा समलिंगी आणि बायकी वेशात राहणारा, म्हणून तेवीस वर्षं वेड्यांच्या इस्पितळात. गायिका टॅमी वायनेटचा केसांचा टोप चढवून तो तिथे दिवस काढतो. डॉक्टरीणबाईंना त्याला ‘बरं’ करायचंय, कारण मग पुस्तक निघेल आणि ऑप्रा विनफ्रीच्या कार्यक्रमात जाता येईल. उपचार करता करता बाई स्वतःच कपडे उतरवू लागतात आणि हा गडी ढिम्म! आपण पोट धरून हसतो. पण हे निव्वळ कल्पनेतलं नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं ते १९७३ मध्ये, आणि अशा ‘उपचारां’चा गाजावाजा करणारी एक्झोडस इंटरनॅशनल ही संस्था मात्र २०१३ पर्यंत चालू होती. ब्रदर बॉयची भूमिका अजरामर केली लेस्ली जॉर्डनने. तोही दक्षिणेतला, टेनेसीचा, बॅप्टिस्ट घरातला. उंची पाच फुटांच्याही आत. २०२२ मध्ये तो गेला.

‘सदर्न बॅप्टिस्ट सिसीज्’ (२०००) हे माझ्या मते शोअर्सचं सर्वश्रेष्ठ नाटक. डॅलसच्या एका चर्चमध्ये वाढलेली चार मुलं : मार्क चिडून प्रश्न विचारणारा, टीजे बायबलमागे दडणारा, बेनी बायकी पोशाखात रंगमंचावर गाणारा, आणि अँड्र्यू, ज्याला देवही सोडवत नाही आणि मनातली ओढही मारता येत नाही. शेवटी तो जीव देतो. या मुलांच्या वाट्याला शोअर्सने विनोद बेताचाच दिला आहे. हशा पिकवायला त्याने बारमध्ये दोन पिअक्कड बसवलेत, पीनट आणि ओडेट. त्यांच्या टवाळीला सोकावलेला प्रेक्षक पुन्हा चर्चच्या बाकावर नेऊन बसवला जातो, तेव्हा स्तोत्र जड वाटू लागतं. ही बांधणी साधी दिसते; पण चर्चमध्ये एखादा विनोद जास्त झाला असता तर अँड्र्यूचं मरण खोटं पडलं असतं.

शोअर्सच्या नाटकांत पाद्री झोडपला जातो, देव नाही. आयांवर तर त्याचा विलक्षण जीव. ‘सॉर्डिड लाइव्ह्ज’मधली मयत आजीची मुलगी, स्वतःच्या मुलाचं समलिंगी असणं न स्वीकारणारी लट्रेल घ्या. मोठी बहीण असल्याने घराण्याची अब्रू सांभाळायचा मक्ता तिचा, आणि भाऊ इस्पितळात, मुलगा दूर लॉस एंजलिसमध्ये. तिचं फाजील सोवळं हास्यास्पद खरं, पण तिला खलनायिका करायचा मोह लेखक टाळतो. भांडण त्याला घरातलंच ठेवायचं असतं. कोर्टात जायचं त्याच्या मनात नाही.

२०१५ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. त्यानंतर आलेला ‘अ व्हेरी सॉर्डिड वेडिंग’ (२०१७) हा चित्रपट पुन्हा विंटर्समध्येच घडतो. चर्चमध्ये आता समानतेविरुद्ध सभा भरते. मंडळी जुनी, गंमतही आहे, पण बाजू मांडण्याच्या नादात पात्रं मधूनमधून भाषण करू लागतात. पाद्र्याच्या पोटी जन्मल्याची किंमत, दुसरं काय!