चिकित्सकाची चिकित्सक वृत्ती

मराठीत ‘चिकित्सक’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. रोगाची चिकित्सा करणारा तो चिकित्सक आणि कोणतीही गोष्ट पारखल्यावाचून न स्वीकारणारा तोही चिकित्सकच. व्यवहारात दुसरा अर्थ किंचित कुत्सितपणे योजला जातो. ‘फारच चिकित्सक बुवा!’ असे आपण ऐकतोच. आमच्या मते वैद्याच्या ठायी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदले पाहिजेत, आणि ही अपेक्षा संहिताकारांचीच आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात मैत्रेय एक अडचणीचा प्रश्न उपस्थित करतो. चिकित्सेचे चारही पाद संपन्न असता काही रुग्ण दगावतात, तर काही उपचारांवाचून बरे होतात. मग चिकित्सा करणे व न करणे यांत भेद तो कोणता? आत्रेयांचे उत्तर सर्वश्रुत आहे : पडलेला मनुष्य स्वबळावर उठू शकत असला तरी कोणी हात दिल्यास तो लवकर व कमी कष्टाने उठतो. तथापि उत्तराइतकेच महत्त्व आम्हांस त्या प्रश्नाचे वाटते. औषध दिले आणि रुग्ण बरा झाला, एवढ्यावरून औषधाने बरा झाला असे सिद्ध होत नाही, हे त्या प्रश्नाच्या पोटात आहे, आणि ग्रंथकारांनी तो गाळलेला नाही.

पुढच्याच अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान यांच्या जोडीला युक्ती ही परीक्षा सांगितली आहे. पाणी, नांगरट, बीज व ऋतू यांच्या संयोगाने पीक येते. त्याप्रमाणे अनेक कारणांतून घडणारे कार्य पाहणारी बुद्धी म्हणजे युक्ती.

तिची कसोटी अलीकडेच लागली. २०२१ साली मुंबईतील तज्ज्ञांनी गुळवेल सेवन करणाऱ्या ६ रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळखच पटविलेली नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप शास्त्रीय होता. २०२२ साली १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा विषय तेवढ्यावर मिटत नाही. द्रव्य कोणते, मात्रा किती, किती दिवस, सोबत काय घेतले, यकृत पूर्वी कसे होते, हे प्रश्न रास्तच आहेत. मात्र ‘गुळवेलीने ताप उतरला’ असे रुग्ण सांगतो, तेव्हाही ते तितक्याच काटेकोरपणे विचारले जावेत. प्रतिकूल वार्तेला कठोर निकष आणि अनुकूल वार्तेला सैल, ही वकिली झाली. (वकील स्नेह्यांनी क्षमा करावी.)

रुग्णपत्रिकेत वरील माहिती लिहिण्यास फार वेळ लागत नाही. रुग्णाने वेल परसातून तोडून आणली असल्यास कांडाचा तुकडा व पान मागवून पाहावे. क्रिस्पाच्या कांडावर बारीक गाठींसारखे उंचवटे दाट असतात. कावीळ, गडद मूत्र वा अरुची दिसताच औषध थांबवून यकृताची तपासणी करवावी आणि निष्कर्ष कोणत्याही बाजूचा निघो, त्याची नोंद औषधदक्षता केंद्राकडे पाठवावी.