सत्तर गावांची एक नदी



गळीत हंगाम आटोपला, बॉयलर थंड झाला आणि आता आपल्या सगळ्यांचे डोळे विहिरीच्या तळाकडे लागले आहेत. खोडव्याला अजून चार पाळ्या मिळतील की दोनच, या विवंचनेत असलेल्या माणसाला राजस्थानातल्या एका नदीची हकीकत सांगत बसणे बरे नव्हे, हे मला कळते. तरी सांगतो. कारण त्या हकीकतीत एक नियम असा आहे की तो ऐकून आपल्यातला कोणीही ऊसवाला दचकेल. मीही दचकलो होतो.

आधी घरचे सांगतो. आमच्या गावाच्या शिवेत ओढ्यावर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळा संपता संपता गावची पोरे ढापे घालतात, पाणी तटते आणि दिवाळीपर्यंत दोन्ही काठांवर मोटारी बसतात. २०१९ च्या उन्हाळ्यात, त्या दुष्काळात, मी काठाने चालत जाऊन मोटारी मोजल्या. एकतीस भरल्या. त्यातली एक माझी, साडेसात हॉर्सपॉवरची. मार्चमध्ये खालच्या अंगाच्या गावचे सात-आठ जण आले. सगळे ओळखीचे, दोघे तर पाव्हण्यांपैकी. त्यातला एक वयस्कर माणूस मला म्हणाला, "बापू, ढापं तुमी घालायचं आन् पाणी बी तुमीच उपसायचं. मग आमी काय वाळू चाटायची?"

मी म्हणालो, "तात्या, बंधारा आमच्या शिवेत आहे."

"आसंल की. पर वढा? त्यो बी तुमच्याच सातबाऱ्यावर चढलाय व्हय?"

मला उत्तर सुचले नाही. ती माणसे आपल्या कारखान्याचीच सभासद. वार्षिक सभेला एकाच मांडवात मांडीला मांडी लावून बसतो, उसाचा दर एकच घेतो, तोडणीच्या टोळ्याही एकाच कार्यालयातून येतात. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण वरचे आणि ते खालचे. त्या दिवसापासून हा तंटा कोणी कुठे मिटवलाय का, याची माहिती मी मिळेल तिथून घेऊ लागलो. बंधारे कसे बांधले हे सांगणारे पुष्कळ भेटतात. बांधल्यावर वरच्याने किती घ्यायचे आणि खालच्याला किती सोडायचे, हे सांगणारे फार थोडे. अरवरी नदीची हकीकत त्या थोड्यांतली आहे.

ही नदी राजस्थानात अलवर जिल्ह्यात, अरवली डोंगरात उगम पावते. पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या कमी पावसाच्या तालुक्यांइतकाच, आणि तोही मोजक्या दिवसांत कोसळून मोकळा होणारा. पूर्वी तिथे गावोगावी 'जोहड' असत. उतारावर चंद्रकोरीच्या आकाराचा मातीचा बांध घालायचा, पावसाचे पाणी अडवायचे आणि मुरू द्यायचे. खाली विहिरींना पाझर फुटतो. पुढे डोंगरावरची झाडी तुटली, जोहड गाळाने भरले, ते काढणे कोणाचेच काम राहिले नाही. विहिरी आटल्या आणि कर्ती माणसे पोटासाठी शहराकडे निघून गेली.

१९८५ साली तरुण भारत संघाचे राजेंद्र सिंह आणि त्यांचे साथीदार त्या भागात आले. आयुर्वेदाचे शिक्षण घेतलेला हा माणूस जयपूरची सरकारी नोकरी सोडून आला होता. दवाखाना आणि शाळा काढावी असा बेत. गोपालपुऱ्याच्या एका म्हाताऱ्या गावकऱ्याने त्यांना सरळ सांगितले की औषध नको, शाळा नको, पहिल्यांदा पाणी. जोहडाचा गाळ काढायला लाग. जोहड उकरला, पुढल्या पावसात पाणी ठरले आणि विहिरींना ओल आली. ते बघून शेजारची गावे बोलवू लागली. प्रत्येक कामात गावाने श्रमाचा नि पैशाचा आपला वाटा घालायचा, हा शिरस्ता पडला. पाटबंधारे खात्याची नोटीसही एकदा आली, की पावसाचे पाणी सरकारचे आहे, ते परवानगीशिवाय अडवता येणार नाही. गावे मागे हटली नाहीत.

अरवरीच्या अगदी उगमावर भांवता आणि कोल्याला ही जोडगावे आहेत. १९८७ नंतर त्यांनी डोंगरातल्या घळी अडवायला सुरुवात केली. डोंगरावर झाडतोड आणि चराई यांना आवर घातला. १९९५ साली तर गावाने स्वतःच आपले बारा-एक चौरस किलोमीटर रान 'लोक अभयारण्य' म्हणून जाहीर केले. हळूहळू खालच्या गावांनीही हेच केले आणि नदीच्या सगळ्या पाणलोटात मिळून तीनशेच्या वर लहानमोठे बांध झाले. मजा अशी की नदी वाहती करायची, असे कोणी ठरवलेच नव्हते. जो तो आपापल्या विहिरीपुरते बघत होता. पण माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळ्यांनी केले म्हणून जमिनीतल्या पाण्याची पातळी चढली, नदीच्या पात्रात पाझर फुटले, आणि जी नदी पावसाळ्यापुरती वाहायची ती १९९५ च्या सुमारास बारमाही झाली.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. राजेंद्र सिंह यांना २००१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा वर्तमानपत्रांत ती बरीच छापून आली. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. पाणी नव्हते तोवर भांडण नव्हते. नदी वाहू लागली आणि तिचे धनी उभे राहिले.

पहिला वाद माशांवरून झाला. पाण्यात मासे आले, तसा मत्स्य खात्याने १९९६ साली हमीरपूर भागात मासेमारीचा ठेका देऊन टाकला. गावकऱ्यांनी ठेकेदाराला पाण्यात उतरू दिले नाही आणि अखेर ठेका रद्द झाला. ज्या नदीसाठी कुदळ-फावडे आम्ही चालवले, तिचा लिलाव आम्हाला न विचारता कसा होतो, हा त्यांचा सवाल होता. पण त्यातून दुसरा सवाल आपोआप निघाला: परक्याला अडवले हे ठीक, पण आपल्यातलाच कोणी काठावर इंजिन लावून नदी कोरडी करू लागला, तर त्याला कोण अडवणार?

यासाठी १९९९ च्या २६ जानेवारीला हमीरपुरात नदीकाठच्या सत्तर गावांची मिळून 'अरवरी संसद' स्थापन झाली. पुढे गावांची संख्या बहात्तर झाली. ग्रामसभांनी आपले प्रतिनिधी पाठवायचे, वर्षातून दोनदा बसायचे आणि नदीचे नियम ठरवायचे. या संसदेला कायद्याचा कसलाही आधार नाही. पोलीस नाही, कोर्ट नाही. नियम मोडणाऱ्याला त्याच्याच ग्रामसभेपुढे उभे करायचे, एवढीच ताकद.

नियम काय केले? होळीपासून पावसाळा लागेपर्यंत कोणीही नदीच्या पात्रातून थेट पाणी उपसायचे नाही, कारण ते दिवस गुरांच्या नि माणसांच्या पिण्याचे. खोल बोअर पाडायचे नाहीत. बाहेरच्याला पाणी विकायचे नाही, जमीनही विकायची नाही. ओली झाडे तोडायची नाहीत, डोंगर फोडून खाणी काढायच्या नाहीत. आणि ज्या नियमाने मी दचकलो तो असा: ऊस, भात आणि मिरची लावायची नाही.

वाचणाऱ्यांपैकी काहींनी इथे हे पान मिटून ठेवले असेल. कारखान्याच्या पत्रिकेत उसाच्या बंदीची गोष्ट! पण हा विचार राजस्थानातलाच आहे असे नाही. आपल्या पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिचा नियमही हाच. पाणी जमिनीच्या मापाने नाही, तर माणशी अर्ध्या एकरापुरते. कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनाचाही त्यात वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. साळुंखे स्वतः इंजिनिअर, कारखानदार. त्यांना हिशेब कळत होता.

तो हिशेब आपणही एकदा करून बघू. पाटाने भिजवलेल्या सुरू उसाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, आडसालीला त्याहून जास्त. अडीच हजार मिलिमीटर म्हणजे एका एकराला एक कोटी लिटर. आता दुसरी बाजू. अरवरीच्या पाणलोटाचा अभ्यास सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी केला, तो २०१० आणि २०११ साली छापून आला. त्यांना असे दिसले की सगळ्या बंधाऱ्यांवाटे जमिनीत जे पाणी मुरते ते पडलेल्या पावसाच्या सुमारे सात टक्के. सहाशे मिलिमीटरचे सात टक्के म्हणजे बेचाळीस मिलिमीटर. एकराला पावणेदोन लाख लिटरही नाहीत. शेतावर पडणारा पाऊस वजा करून सुद्धा एक एकर उसाची तहान भागवायला चाळीस-पन्नास एकर पाणलोटातले असे मुरवलेले पाणी लागेल. जमीन वेगळी, खडक वेगळा, बंधाऱ्यावाचून मुरणारे पाणी आणखी वेगळे, तेव्हा हा आकडा आपल्या ओढ्याला जसाच्या तसा लावू नका. पण कोणत्या मापाची ही गोष्ट आहे ते त्यावरून समजते. त्याच अभ्यासात हेही निघाले की बांध वाढवत गेले तर काही मर्यादेपर्यंत विहिरींना फायदा होतो, मात्र नदीचा खाली जाणारा प्रवाह घटतो. म्हणजे वरच्याने अडवलेले पाणी खालच्याच्या खात्यातून वजा होते. आमच्या तात्यांना हे अभ्यासावाचून ठाऊक होते.

अरवरीतही सगळे सुरळीत चालले, असे मी म्हणणार नाही. २००२ च्या दुष्काळासारख्या वर्षी नदीही हात टेकते. नियम कागदावर राहिले आणि कोणी गुपचूप इंजिन लावले, असे तिथेही घडले असणार. माणसे शेवटी माणसेच. माझे म्हणणे एवढेच की त्यांच्याकडे बसायला एक जागा आहे. उगमावरचा आणि शेपटाकडचा माणूस वर्षातून दोन वेळा समोरासमोर बसतो. आपल्याकडे ओढ्याच्या वरच्या गावाची ग्रामपंचायत निराळी, खालच्याची निराळी, तालुकासुद्धा कधी निराळा. ओढ्याची अशी सभा कुठेच भरत नाही.

आणि तरीही आपल्याजवळ एक गोष्ट आहे, जी अरवरीवाल्यांजवळ नव्हती. ती म्हणजे कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांना एका शेअरच्या कागदावर आणणे हेच मोठे काम होते. ते आपल्या आज्या-पणज्यांनी करून ठेवले आहे. कोणाचा ऊस कुठल्या गटात, किती एकर, कोणती जात, लागण कधीची, हे आपल्या ऊस नोंदीत लिहिलेले आहे. चिटबॉयला प्रत्येक बांध माहीत. एका ओढ्यावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकूण ऊस किती उभा आहे, हे सांगू शकणारे दुसरे कार्यालय तालुक्यात नसेल. फक्त आजवर आपण ही नोंद तोडणीच्या तारखेसाठी वापरली, पाण्यासाठी वापरली नाही.

ऊस बंद करा, असे मी सांगत नाही. माझे स्वतःचे घर उसावर उभे आहे. परंतु एका ओढ्यावर किती आडसाली लावायची, याची मिळून मर्यादा ठरवता येणार नाही का? ठिबकाने पाटपाण्याच्या मानाने चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत पाणी वाचते. मग ओढ्यावरच्या मोटारीवर ऊस करायचा तर ठिबकवरच, असे म्हणता येणार नाही का? पाचट पेटवून न देता सरीत कुजवले तर पाण्याची पाळी लांबते, हे शेती खाते इतकी वर्षे कंठरवाने सांगत आहे. आणि होळीनंतर थेट पात्रातून उपसा बंद, हा नियम तर आपल्या खालच्या गावांना आजच्या आज हवा आहे.

आमच्या ओढ्यापुरते आम्ही एक केले. वरची दोन, आमचे एक आणि खालची तीन अशा सहा गावांतल्या सभासदांची बैठक बोलवायची, असे गटकार्यालयात ठरले आहे. नेहमीची वाट सोडून ती खालच्या गावच्या देवळात घ्यायची, म्हणजे वरच्यांना ओढ्याच्या काठाकाठाने खाली जावे लागेल आणि वाटेत पात्र दिसेल. ही सूचना तात्यांची. बैठकीत मांडायला मोटारींची यादी करायला घेतली आहे: नाव, हॉर्सपॉवर, ऊस किती, ठिबक आहे की पाट. चिटबॉय वही घेऊन माझ्याकडे आला तेव्हा घुटमळत म्हणाला, "बापू, सुरुवात कुणापासनं करू?"

साडेसातची मोटार, सव्वादोन एकर ऊस, पाटपाणी. पहिल्या ओळीत माझेच नाव लिहून घेतले आहे.