गाडीचा एसी गार करत नाही? गॅस भरण्याआधी हे तपासा

उन्हाळा लागला की गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, "गॅस संपलाय, भरून घ्या." पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. दरवर्षी भरावा लागत असेल, तर कुठेतरी लीक आहे. ते न शोधता भरलेला गॅस, म्हणजे पैसा हवेत.

एसी चालतो कसा?

हातावर स्पिरिट लावलं की ते उडून जाताना गार वाटतं. एसीचं तत्त्व हेच. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो तापतो. रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये द्रवाची वाफ होते. ही वाफ होताना आतल्या हवेतली उष्णता खेचली जाते. अनेक गाड्यांतला आर-१३४ए गॅस साध्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो.

दोष ओळखा

- हवा गार, पण कमी येते: केबिन फिल्टर धुळीने भरलेला असतो. आधी तोच बघा, स्वस्तात काम होतं.
- चालताना गार, सिग्नलला गरम: कंडेन्सरचा पंखा बंद किंवा जाळीत कचरा.
- हवा भरपूर, पण गरमच: एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' करून फिरतो का? नसेल तर फ्यूज, रिले, क्लच तपासा. गॅस फार कमी असला तरी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे ही खूण लागू नाही.
- कुबट वास: इव्हॅपोरेटरवर बुरशी.
- गाडीखाली पाणी: घाबरू नका, ते हवेतल्या दमटपणाचं. पायाशी पाणी आलं, तर ड्रेन पाइप तुंबलाय.

मेकॅनिकला काय विचाराल?

लीक टेस्ट केली का? जॉइंटवर तेलकट डाग दिसतो का? व्हॅक्यूम करून तो टिकतो का पाहिलं? गॅस वजनाने भरणार का? किती ग्रॅम, ते बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. जास्त गॅस भरला तरी थंडावा कमीच होतो.

नळी स्वतः खोलू नका. सुटलेल्या गॅसने त्वचा गोठून जखम होते. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून, एसी लावून कुणालाही, विशेषतः मुलांना, गाडीत बसवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, पण तो जीव घेतो.