14 टक्के स्वस्त की शेकडा दोन?

मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन, म्हणजे वर्षाला 24 टक्के. फायनान्सवाला 14 टक्क्यांनी देतोय. मग गटातून कशाला घ्यायचं?" प्रश्न रास्तच आहे. म्हणून तिथंच वही काढून हिशेब मांडला.

कर्ज धरा 12,000 रुपये. मुदत 12 महिने, दर महिन्याला मुद्दल 1,000.

गटात व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं. पहिल्या महिन्यात 12,000 वर 240 रुपये, दुसऱ्यात 11,000 वर 220, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात फक्त 20. सगळी बेरीज 1,560 रुपये.

फायनान्सवाल्याचे 14 टक्के निघाले 'फ्लॅट'. म्हणजे तुम्ही 11,000 फेडले तरी व्याज पूर्ण 12,000 वरच चालू. वर्षाचे झाले 1,680. फाईलचा खर्च आधीच कापला तर तो वेगळा! आणि गटाला भरलेलं व्याज आपल्याच गटात राहतं, हे तर विसरूच नका.

तेव्हा बायांनो, नुसता टक्का ऐकून सही करू नका. व्याज उतरत्या शिलकीवर की फ्लॅट, हातात किती येणार, एकूण किती भरायचे, एवढं विचाराच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सच्या कर्जाचं कार्ड आपल्याला कळेल अशा भाषेत मिळालं पाहिजे, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही.

कुणाचं असं कर्ज चालू असेल तर ते कार्ड घेऊन पुढच्या बैठकीला या. सगळ्याजणी मिळून हिशेब लावू.