पेणचं नाव मोठं झालं, कारण शिकवताना हात आखडता घेतला नाही 🙏

गणपती म्हटलं की पेण! पण हे नाव एका कारखान्याचं नाही, अख्ख्या तालुक्याचं आहे.

पेणच्या कारखान्यांत काम शिकलेल्या पोरांनी हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा गावांत स्वतःचे कारखाने उभे केले. साचा भरणं, फिनिशिंग, रंगकाम, डोळ्यांची आखणी ही कला घराघरांत पोहोचली. धंदा फुटला नाही, उलट वाढला. रंग न दिलेल्या कच्च्या मूर्तीही इथून बाहेरगावी जातात, तिथले कारागीर त्या रंगवतात. परदेशातल्या मराठी घरांतही पेणचा बाप्पा बसतो.

हात आखडता न घेण्यात गिऱ्हाइकाला समजावून सांगणंही आलं. शाडूची मूर्ती जड आणि नाजूक, पण पाण्यात विरघळते. पीओपीची हलकी आणि स्वस्त, पण विरघळत नाही. शाडू पावसाळी हवेत सावकाश सुकतो, म्हणून काम कितीतरी महिने आधी सुरू करावं लागतं. हे खरंखरं सांगणाऱ्याकडे माणूस पुढच्या वर्षीही बुकिंगला येतो.

पेण-रोह्यातल्या छोट्या व्यावसायिकांनो, हे तुम्हालाही लागू आहे. पापडवाल्या ताईंनी पापड कसा साठवायचा ते सांगावं, रोह्यातल्या मेकॅनिकने पावसाळ्याआधी गाडीत काय तपासायचं ते सांगावं. ऐकणारे सगळेच काही स्वतः करायला बसत नाहीत. काम निघालं की ज्याने नीट समजावलं त्यालाच फोन लावतात.

तुमच्या धंद्यातली कोणती गोष्ट गिऱ्हाइकाला माहीत असायलाच हवी? कमेंटमध्ये लिहा 👇