खिळ्यांची केस आणि मारिओचा ढग

मोबाईल घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो तो 'किती जीबी?' हा. उत्तर मोठे आले की त्याचे समाधान होते. माझ्या मामेभावाने शिरोलीच्या एका फौंड्रीत वर्षभर ओव्हरटाईम करून पैसे साठवले आणि संगणकात बसवायचे ग्राफिक्स कार्ड आणले. दोन जीबीचे सोडून चार जीबीचे मिळाले म्हणून स्वारी खुशीत होती. घरी आणून खेळ लावला तर चित्र आचके देत चाललेले! शेजारच्या मुलाकडे त्याच नावाचे दोन जीबीचे कार्ड, आणि त्याच्याकडे तोच खेळ सुरळीत. हे असे का, या प्रश्नाच्या मागे मी गेले पाच-सहा महिने आहे. जे हाती लागले ते येथे मांडते. मी कला शाखेची, त्यातून घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. तेव्हा शास्त्र शाखेच्या मित्रांनी आणि गुरुजनांनी माझी भाषा थोडी सांभाळून घ्यावी.

पडद्यावरचे चित्र म्हणजे बारीक बिंदूंची रांगोळी. प्रत्येक बिंदूचा रंग यंत्राला कोठेतरी लिहून ठेवावा लागतो आणि तेथून तो सेकंदाला पन्नास-साठ वेळा वाचून पडद्यावर न्यावा लागतो. लिहून ठेवण्याची जागा म्हणजे मेमरी. ती किती आहे, ती कोठे ठेवली आहे, आणि तेथपर्यंतचा रस्ता किती रुंद आहे, असे तीन वेगळे प्रश्न येथे उभे राहतात. जाहिरातीत पहिल्याचेच उत्तर असते.

जुन्या यंत्रापासून सुरुवात केली तर गोष्ट चटकन कळते. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे खेळाचे यंत्र काढले. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात व नंतरही 'टीव्ही गेम' म्हणून विकली गेलेली कॅसेटवाली यंत्रे ही बहुतेक त्याचीच नक्कल. मारिओ आणि काँट्रा आपल्या पिढीच्या मोठ्या भावंडांना माहीत झाले ते त्यांच्यामुळे. या यंत्राचा पडदा २५६ गुणिले २४० बिंदूंचा, म्हणजे एकूण ६१,४४० बिंदू. प्रत्येकाला अवघ्या चार छटांतली एक द्यायची म्हटली तरी १५,३६० बाइट हवेत. यंत्रात चित्रासाठी मेमरी होती २,०४८ बाइट! मग मारिओची ती सारी दुनिया मावली कोठे?

याचे उत्तर मला माझ्या आजोबांनी दिले, असे म्हटले तर वाचकांना आश्चर्य वाटेल. आजोबा सातवीपर्यंत शिकलेले. उमेदीची सारी वर्षे त्यांनी कोल्हापुरातल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवली. एकदा मामेभावाच्या संगणकावर मी त्यांना जुन्या यंत्राची मेमरी उघडून दाखवली. तशी सोय असलेली सॉफ्टवेअरे मिळतात. पडद्यावर सोळा ओळी, दर ओळीत सोळा चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात कसला तरी तुकडा: विटेचा कोपरा, ढगाची कड, मारिओच्या टोपीचा अर्धा भाग, मध्येच एखादे इंग्रजी अक्षर. आजोबांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "मग ही केसच की गं!"

आणि खरोखरच ती केस होती. छापखान्यात चित्र छापायचे तर जस्ताचा ब्लॉक करावा लागे. तो महाग, आणि त्या एका चित्रापुरताच. मजकुरासाठी मात्र कोणी ब्लॉक करीत नसे. केसमधल्या घरांतून खिळे उचलायचे, पान जुळवायचे, छापून झाले की खिळे पुन्हा घरांत सोडायचे. तेच खिळे उद्या लग्नपत्रिकेला आणि परवा निवडणुकीच्या पत्रकाला. निन्टेन्डोच्या यंत्राने नेमके हेच केले. आठ गुणिले आठ बिंदूंचा एक खिळा, त्याला लागणार १६ बाइट. असे २५६ खिळे म्हणजे एक केस. अशा दोन केशी. पानावर ३२ स्तंभ आणि ३० ओळी, म्हणजे ९६० घरे. कोणत्या घरात कितव्या क्रमांकाचा खिळा, एवढेच लिहून ठेवायचे. त्याला ९६० बाइट, आणि कोणत्या भागाला कोणती शाई हे सांगायला आणखी ६४. एकूण १,०२४. पंधरा हजारांचे काम एका हजारात झाले. यंत्रातल्या २,०४८ बाइटांत अशी दोन पाने बसतात. एक पान छापले जात असताना दुसरे जुळवायला घ्यावे तसा मारिओ पुढे पळतो तेव्हा पडद्याबाहेरचे पान हळूहळू भरले जाते.

१९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळात आकाशातला पांढरा ढग आणि जमिनीवरचे हिरवे झुडूप हे एकाच खिळ्यांनी जुळवलेले आहेत. शाई तेवढी निराळी. मी हे सांगितल्यावर आजोबांना काहीच नवल वाटले नाही. वेलबुट्टीचा एकच तुकडा लग्नपत्रिकेत लाल आणि श्राद्धाच्या पत्रात काळा, हे त्यांनी जन्मभर केलेले. हा पूर्ण खेळ ४० किलोबाइटांत मावतो. आज आपण मोबाईलवर काढतो तो एक फोटोसुद्धा याहून कितीतरी मोठा असतो.

केस कोठे ठेवली हेही महत्त्वाचे. खिळ्यांच्या आकृत्या यंत्रात नसून कॅसेटमध्ये असत, आणि चित्र काढणाऱ्या चिपेपासून त्यांच्यापर्यंत स्वतंत्र रस्ता होता. मुख्य चिपेचा हिशेब दुसऱ्या रस्त्याने चाले. दोघांची एकमेकांत गर्दी होत नसे. मात्र पान बदलायचे तर पडद्याची खालची ओळ काढून झाल्यावर पुन्हा वर जाईपर्यंत जो क्षणभर विसावा मिळतो, तेवढ्यातच. हलणाऱ्या आकृत्यांचे तुकडे एका पडद्यावर ६४ असू शकत, पण एका आडव्या ओळीत आठच. कारण एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत मेमरीतून आठच तुकडे आणण्याइतका वेळ मिळे. शत्रू आणि गोळ्या एका ओळीत दाटल्या की आकृत्या लुकलुकू लागतात, त्याचे मूळ येथे आहे. अनेकांना ते नकली यंत्राचे दुखणे वाटे. अस्सल यंत्रातही ते तसेच होते.

पुढे मेमरी स्वस्त झाली आणि खिळ्यांची गरज उरली नाही. आता सारा पडदा म्हणजे एक ब्लॉक. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा, बिंदूला चार बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट. सेकंदाला साठ चित्रे म्हणजे जवळजवळ पन्नास कोटी. हे नुसते एकदा लिहिण्याचे झाले. प्रत्यक्षात भिंतीचा पोत वाचायचा, सावली वाचायची, कोण पुढे कोण मागे हे तपासायचे. एकेका बिंदूसाठी मेमरीकडे कित्येक खेपा होतात. आता जागेची टंचाई नाही, टंचाई रस्त्याची आहे. ऊस कितीही पिकला तरी कारखान्याच्या काट्यावर गाड्यांची रांग लागते, तसे.

२०१३ सालचा दाखला यासाठी उत्तम. सोनीचे प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स वन ही यंत्रे एकाच महिन्यात बाजारात आली. दोहोंत मेमरी आठ जीबीच. पण सोनीची जीडीडीआर ५ जातीची, सेकंदाला १७६ अब्ज बाइट वाहणारी. दुसरीची साधी डीडीआर ३, सुमारे ६८ अब्ज. ही तूट भरून काढायला मायक्रोसॉफ्टने चिपेवरच ३२ मेगाबाइटांची एक छोटी वेगवान मेमरी बसवली. आता वरचा हिशेब पाहा. ८३ लाखांचा एक असे चार थर तिच्यात जेमतेम मावतात, पाचवा मावत नाही. पडदा १६०० गुणिले ९०० केला की पाच थर सहज बसतात. त्या यंत्रावर अनेक खेळ कमी बिंदूंत का निघाले, याचे एक कारण हे. एकच नव्हे, तिची चित्र काढणारी चिपही सोनीपेक्षा कमी ताकदीची होती.

मामेभावाच्या कार्डाचे कोडेही येथेच सुटते. त्याचे चार जीबी डीडीआर ३ चे, सेकंदाला १४ अब्जांच्या आसपास. शेजाऱ्याचे दोन जीबी जीडीडीआर ५ चे, सुमारे ४० अब्ज. कोठार दुप्पट, पण दार तिपटीने अरुंद. ही जात खोक्यावर छापलेली होती, बारीक अक्षरांत. पडदा १२८० गुणिले ७२० वर आणला की बिंदू निम्म्याहून कमी होतात आणि ते कार्डही बरे चालते. हे दुकानात कोणी त्याला सांगितले नाही, आणि काय विचारायचे हे त्याला ठाऊक नव्हते.

या सगळ्यात आपल्या महाराष्ट्राचे कोणी आहे का, हेही मी शोधले. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आला. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन त्यानंतर. भावाला शोधत राक्षसांशी लढणारी राजी, भोवती राजस्थानी धाटणीचे किल्ले आणि महाल. स्विचमध्ये मेमरी चार जीबी, तीच मुख्य चिपेला आणि चित्राच्या चिपेला सामाईक. रस्ता सेकंदाला साडेपंचवीस अब्जांचा, म्हणजे प्लेस्टेशन ४ च्या साधारण सातवा हिस्सा. या खेळात कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नसतो, तो निर्मात्यांनी ठरवलेल्या जागेवरूनच पाहतो. तो देखाव्यासाठी तसा ठेवला असेल. पण कोठून काय दिसणार हे आधी ठाऊक असले की नको ते मेमरीतून आणावे लागत नाही, असा माझा तर्क आहे.

अरुंद रस्त्यावरचा दुसरा उपाय सर्वच यंत्रे करतात. भिंतीचा पोत सोळा-सोळा बिंदूंच्या चौकोनांत दाबून ठेवतात. ६४ बाइटांचा चौकोन सोळात, कधी आठात बसतो. आपल्या खिशातल्या बहुतेक मोबाईलची चित्रे काढणारी चिप तर पडद्याचेच लहान लहान चौकोन पाडते, एकेक चौकोन स्वतःजवळच्या छोट्या मेमरीत पुरा रंगवते आणि मगच तो एकदम बाहेर पाठवते. खेपा वाचतात, आणि खेप वाचली की बॅटरीही वाचते. आजोबांच्या हातात जी पितळी पट्टी असे, तिच्यावर एक-एक ओळ जुळवून ते पानात सोडत. खिळ्याखिळ्याला उठून पानापर्यंत जाणारा जुळारी कोणी ठेवला असता का, असे त्यांनी मला विचारले.