चोरावर मोर : काग्लिओस्त्रोच्या किल्ल्यातला लुपाँ

मोनॅकोचा कॅसिनो लुटून दोन चोर पळालेत. पाठलागाला निघालेली गाडी जागच्या जागी दुभंगते, कारण तिची वाट आधीच लावून ठेवलेली आहे. चोरांची गाडी म्हणजे चिमुकली फियाट ५००. ती नोटांनी इतकी ठासून भरलीय की दोघांची फक्त मुंडकी वर दिसतात. दोघे खुशीत आहेत. मग त्यांतला एक जण सहज एक नोट उचलून निरखतो आणि त्याचा चेहरा बदलतो. नोट बनावट आहे. नुसती बनावट नाही, तर जगातली सर्वांत सफाईदार बनावट, चोरांच्या दुनियेत दंतकथा होऊन बसलेली ‘गोट नोट’. दोघे सगळी लूट धावत्या गाडीतून वाऱ्यावर उधळून देतात आणि जिथे या नोटा छापल्या जातात त्या देशाकडे गाडी वळवतात.

१५ डिसेंबर १९७९ रोजी जपानमध्ये लागलेल्या ‘लुपाँ तिसरा : काग्लिओस्त्रोचा किल्ला’ या शंभर मिनिटांच्या ॲनिमेशनपटाची ही सुरुवात. हायाओ मियाझाकींचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. ‘तोतोरो’ आणि ‘स्पिरिटेड अवे’मुळे मियाझाकींना ओळखणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो पाहिलेला नसतो, आणि पाहिला तरी ‘सुरुवातीच्या काळातलं किरकोळ काम’ म्हणून बाजूला ठेवलेला असतो. मला तो तसा वाटत नाही. चोरीवरचा इतका प्रामाणिक सिनेमा क्वचितच निघतो, कारण तो स्वतःच चोरीच्या मालातून उभा राहिलाय आणि ते लपवतही नाही.

या चोराची कुळकथा आधी पाहू. मॉरिस लेब्लाँ या फ्रेंच लेखकाने १९०५ मध्ये आर्सेन लुपाँ हा सभ्य चोर जन्माला घातला. पुढच्याच वर्षी लेब्लाँने आपल्या चोरासमोर थेट शेरलॉक होम्सला उभं केलं, परवानगीची तसदी न घेता. कॉनन डॉयलची हरकत आल्यावर त्याने होम्सच्या नावातली अक्षरं इकडची तिकडे करून ‘हेरलॉक शोल्मेस’ केलं आणि गोष्टी पुढे चालू ठेवल्या. साठ वर्षांनी त्याची फेड झाली. १९६७ मध्ये जपानी व्यंगचित्रकार मंकी पंच (खरं नाव काझुहिको कातो) यांनी ‘मांगा ॲक्शन’ साप्ताहिकात लुपाँचा नातू उभा केला, तोही कुणाला न विचारता. या लुपाँच्या वाट्याला आलेली माणसंही अशीच कुणाची तरी वंशज. तलवारबाज गोएमोन हा सोळाव्या शतकातल्या इशिकावा गोएमोन या दरोडेखोराचा वंशज, तर मागे लागलेला इन्स्पेक्टर झेनिगाता जपानी कादंबऱ्यांतल्या एका गाजलेल्या हवालदाराचा. पुढे लेब्लाँच्या वारसांमुळे परदेशात अडचण येऊ लागली, तेव्हा अमेरिकेत या लुपाँला कधी ‘रुपान’, कधी ‘वुल्फ’ अशी नावं घेऊन फिरावं लागलं. आजोबांनी होम्सचं जे केलं, ते नातवाला भोगावं लागलं.

मंकी पंचचा लुपाँ मोठ्यांसाठीच्या साप्ताहिकातला होता : बाईलवेडा, स्वार्थी, प्रसंगी निर्दय. १९७१ मध्ये त्याची टीव्ही मालिका आली ती याच वळणाची. प्रेक्षक मिळेनात म्हणून दिग्दर्शक मासाआकी ओसुमी यांना बाजूला करून मालिका मध्येच इसाओ ताकाहाता आणि मियाझाकी या दोन तरुणांच्या हाती दिली गेली. त्यांनी लुपाँची श्रीमंती काढून घेतली. त्याची आलिशान मर्सिडीज जाऊन फियाट ५०० आली. अशी फियाट मालिकेचे ॲनिमेशन दिग्दर्शक यासुओ ओत्सुका स्वतः चालवत, त्यामुळे तिचा कुठला भाग कसा हलतो हे त्यांना कागद न बघता ठाऊक होतं. ऐतखाऊ उमरावाचा असा खटपट्या, खिसा रिकामा असलेला माणूस झाला. मालिका तरीही तेवीस भागांत गुंडाळली, पण पुढच्या चित्रपटाचं बी तिथे पडलं होतं.

चित्रपटाचं काम मे १९७९ मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबरअखेरीस संपलं. मियाझाकींनी कथा पुरी होण्याआधी काग्लिओस्त्रो या काल्पनिक देशाचा आकाशातून दिसेल तसा नकाशा काढला : सरोवर, किल्ला, मनोरे, रोमन जलवाहिनी. ॲनिमेशन सुरू झालं तेव्हा स्टोरीबोर्डचा शेवट कागदावर उतरलेलाही नव्हता. तरीही किल्ल्याच्या कुठल्या भिंतीमागे काय आहे याबद्दल सिनेमा कुठे गोंधळत नाही.

सिनेमातला काग्लिओस्त्रो देश असा : लोकसंख्या साडेतीन हजार, संयुक्त राष्ट्रांचा सर्वांत छोटा सदस्य, आणि तळघरात जगभरच्या चलनांचा छापखाना. बूर्बोन घराणं बुडालं, नेपोलियनला पैसा मिळाला, १९२७ ची मंदी आली, सगळ्यामागे याच नोटा, असं सिनेमा ऐटीत ठोकून देतो. नाव घेतलंय खऱ्या काग्लिओस्त्रोचं. पालेर्मोचा ज्युझेप्पे बाल्सामो हा तोतया ‘काउंट’ किमयागार म्हणून युरोपभर फिरला आणि १७९५ मध्ये सान लिओच्या किल्ल्यात कैदेत मेला. लेब्लाँने १९२४ च्या ‘काग्लिओस्त्रोची काउंटेस’ या कादंबरीत त्याची वंशज रंगवली. त्याच कादंबरीत तरुण लुपाँचं जिच्याशी लग्न होतं तिचं नाव क्लारिस. सिनेमात दुष्ट काउंट जिच्याशी जबरदस्तीने लग्न करू पाहतो आणि जिला नातू सोडवतो, तीही क्लारिसच. सरोवराच्या पाण्याखाली दडलेलं रोमन नगर लेब्लाँच्याच ‘हिरव्या डोळ्यांची तरुणी’मधलं. घड्याळाचा मनोरा एदोगावा रांपोच्या ‘भुताचा मनोरा’तून आला. रांपोने तो कुरोइवा रुइकोकडून घेतला होता, आणि रुइकोने एका इंग्रजी कादंबरीतून. चोरदरवाजे आणि उंच मनोऱ्यांचा राजवाडा पॉल ग्रिमोच्या फ्रेंच ॲनिमेशनपटाची आठवण करून देतो.

एवढा माल गोळा करून मियाझाकींनी केलं काय, ते छतावरच्या प्रसंगात दिसतं. क्लारिस समोरच्या मनोऱ्यात कोंडलेली आहे. लुपाँ उतरत्या छपरावर बसून एका छोट्या रॉकेटला दोर बांधतो. ते दोर घेऊन पलीकडे जाणार, असा बेत. लायटर पेटत नाही. हातातून रॉकेट निसटतं आणि घरंगळायला लागतं. ते पकडायला लुपाँ दोन पावलं टाकतो, चार टाकतो, आणि मग उतारच त्याला पळवायला लागतो. थांबता येत नाही म्हटल्यावर तो आणखी जोरात पळतो आणि उडी मारतो. वजन, वेग, घाबरटपणा आणि निर्लज्ज धाडस, सगळं त्या पायांत आहे. भौतिकशास्त्राचा नियम तर तो सरळ मोडतो, पण आधी इतका वेळ पाळलेला असतो की आपण तक्रार करत नाही.

वर पोचल्यावर तो काय करतो? मुठीतून एक लहानसं फूल काढून दाखवतो, मग झेंड्यांची माळ. मूळ मांगातल्या लुपाँने असल्या एकांतात काय केलं असतं हे वाचकांना ठाऊक होतं. मंकी पंच यांनी पुढे चित्रपट उत्तम असल्याचं मान्य केलं, पण हा आपला लुपाँ नव्हे, असंही ते म्हणत. त्यांचं बरोबरच होतं. मियाझाकींनी नातवाच्या अंगातून आजोबा बाहेर काढले होते, तेही थोडे थकलेले, तरुणपणी एकदा याच किल्ल्यातून हात हलवत परतलेले.

झेनिगाताचा एक प्रसंग मात्र केवळ मियाझाकींचा. नोटांचा छापखाना डोळ्यांनी पाहून तो इंटरपोलकडे जातो. तिथे देशोदेशीचे प्रतिनिधी एकमेकांवर खापर फोडतात आणि कारवाई गुंडाळतात. मग हा इमानी पोलीस लग्नाच्या थेट प्रक्षेपणाचा फायदा घेतो. लुपाँचा पाठलाग करतोय असं दाखवत टीव्ही कॅमेरा घेऊन थेट तळघरात शिरतो आणि नोटांच्या ढिगासमोर ‘अरेच्चा, हे काय?’ असा आव आणतो. इतका वाईट अभिनय करणारा नायक मला दुसरा आठवत नाही.

थिएटरात चित्रपट पडला. तेव्हा चालू असलेल्या दुसऱ्या टीव्ही मालिकेतल्या लाल कोटातल्या उनाड लुपाँची सवय झालेल्या प्रेक्षकांना हिरव्या कोटातला हा सज्जन रुचला नाही. ‘माइनिची’चा ओफुजी नोबुरो पुरस्कार मिळाला, नाव झालं ते पुढे टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवल्याने. परदेशात आधी पोचला तो धंद्यातल्या लोकांपर्यंत. जॉन लॅसेटरने यातला तुकडा १९८१ च्या सुमारास डिस्नीत असताना पाहिला. डिस्नीच्या १९८६ च्या ‘द ग्रेट माऊस डिटेक्टिव्ह’मधली बिग बेनच्या दातेरी चाकांतली मारामारी पाहावी, म्हणजे आणखी कुणी तो पाहिला होता ते कळतं. मियाझाकींना मात्र पुढची काही वर्षं दिग्दर्शनासाठी चित्रपट मिळाला नाही. त्या रिकाम्या काळात त्यांनी १९८२ पासून ‘नाउसिका’ची मांगा काढायला घेतली. तिच्यावरच्या १९८४ च्या चित्रपटात नाउसिकाला आवाज दिला सुमी शिमामोतो यांनी, ज्या क्लारिसचा आवाज होत्या.

लुपाँला त्यांनी निरोप दिला तो १९८० मध्ये, दुसऱ्या मालिकेच्या १५५ व्या आणि शेवटच्या भागात, टोपणनावाने. त्यात तोक्योत यंत्रमानव वापरून दरोडे घालणारा लुपाँ तोतया निघतो, आणि खरा लुपाँ झेनिगाताच्या वेषात त्याच्या मागावर असतो. तो उडता यंत्रमानव पुढे १९८६ च्या ‘लापुता’त पुन्हा दिसला. मुळात तो होता १९४१ च्या फ्लायशर बंधूंच्या ‘सुपरमॅन’ कार्टूनमधला.